येळवशीला ऐकायला कोण येणार?

धाराशिव
२७ ऑक्टोबर २०२५

चि. बसवेश,

आशीर्वाद मागाहून देतो, आधी तक्रार.

भाऊबीजेची तुझी पेटी परवा पोचली. बहिणीला शाल, अप्पांना मधाची बाटली आणि मला पायमोजे. लोकरीचे. शिलाँगच्या बाजारात उभं राहून, जन्मभर चपलेत वावरलेल्या, धाराशिवात संस्कृत शिकवणाऱ्या आपल्या शंभुलिंग दाजीला काय पाठवावं, असा विचार करत करत तू पायमोज्यांपाशी कसा येऊन थांबलास, याची मी तीन दिवस मीमांसा करतोय. पूर्वपक्ष असा की तुला माझ्या पायांची काळजी आहे. उत्तरपक्ष असा की दुकानदाराकडं सुटे नव्हते. इथं दुपारी अजून पंखा लागतो. तरी घालून पाहिले. श्रीदेवी म्हणाली, "अहो, पाय आहेत का मेंढरं?"

पण तू गेल्यापासून तुझ्याकडून माझ्या नावानं आलेली ही पहिलीच वस्तू, तेव्हा तक्रार नोंदवतो आणि मोजे ठेवून घेतो.

फोन तू बहिणीचा घेतोस. मी बोलायला आलो की रेंज जाते. मेघालयात मेघ असणारच, तेही मान्य. म्हणून टपालानं लिहितोय. पत्राला रेंज लागत नाही, आणि मधेच तोडताही येत नाही.

मुद्द्याचं सांगतो. परवा कुमार आला होता. इतकी वर्षं तुझ्या डाव्या अंगाला उभा राहून बेस वाजवणारा कुमार आता येरमाळ्याला हायवेवर टायरचं दुकान घालून बसलाय, हे तुला ठाऊक आहे. त्याचे वडील धुळाप्पा आषाढात गेले, हे कदाचित ठाऊक नसेल. त्यांचा ढोल आता याच्याकडं आलाय. चहा न घेता उभ्या उभ्याच म्हणाला, "सर, औंदा येळवशीला वाजवायचं."

"काय वाजवायचं?"

"चुनखडी. आपला बँड."

"अरे, चुनखडी संपून बारा वर्षं झाली."

"कुणी सांगितलं? म्या तर सोडली न्हाय. तुमी सोडली का?"

"नाही बाबा."

"मग तिघांतला एक गेला की बँड संपतो व्हय? आन् बापाचा ढोल काय खुंटीला टांगू?"

या युक्तिवादाला न्यायशास्त्रात उत्तर असेलही. मला सापडलं नाही. मी हो म्हणालो.

तेव्हापासून डोक्यात जुनं सगळं सुरू झालंय. मी कॉलेजात नुकता लागलेला. तू बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला नापास होण्याची मनापासून तयारी करत होतास. आपल्या वाशीला (मुंबईच्या नव्हे) अप्पांच्या आडतीच्या गोदामात आपण तुरीच्या पोत्यांवर ड्रम मांडले, कारण खाली उंदरांचा सराव चालायचा. नाव कुमारचं. येरमाळ्याच्या यात्रेत चुन्याच्या रानात माणसं खडे वेचून टाकतात आणि बघता बघता ढीग होतो, आपलंही तसंच होईल म्हणाला. पुढं पुण्याच्या कुणी समीक्षकानं आपल्याला 'पर्यायी रॉक' म्हटलं, तेव्हा तू आठवडाभर जमिनीवर नव्हतास. मी एवढंच विचारलं होतं, की पर्याय हा मूळ वस्तूला असतो, तर धाराशिवात मूळ रॉक कुठला, ज्याला आपण पर्याय? लोडशेडिंगच्या कृपेनं निम्मे कार्यक्रम विजेविना व्हायचे आणि शहरातली पोरं त्याला आपली शैली समजायची.

दुनियेतले ड्रमवाले काठ्या आपटून चारपर्यंत मोजतात. मी 'यमाताराजभानसलगा' म्हणायचो, कारण वृत्तं पाठ करता करता तेच अंगात भिनलेलं. शेवटच्या 'गा'वर तू गिटार सोडायचास. बेंगळुरूच्या मोठ्या मंचावर तिथल्या ध्वनीवाल्यानं विचारलं, ही प्रार्थना आहे का? तू गंभीर चेहऱ्यानं म्हणालास, "हो, आमच्या दाजींचा कुळाचार आहे." त्यानं बिचाऱ्यानं बूट काढले.

आपलं सगळ्यांत गाजलेलं गाणं येळवशीचं. वेळ अमावास्येला शेतात आंबील शिंपत फिरताना पोरं ओरडतात ते 'ओलगे ओलगे, सालम पोलगे' तू गिटारीवर चढवलंस. बेंगळुरूत हजारभर माणसं अर्थ न कळता ते ओरडत होती. अर्थ मलाही कळत नाही. एम.ए. वाया गेलं म्हण.

आणि ज्यानं ते गाणं केलं, त्यानंच आपल्या पहिल्या अल्बमचा कार्यक्रम ठरवला एक जानेवारी दोन हजार चौदाला. नवीन वर्ष, लोकांना सुट्टी, असा तुझा हिशेब. त्या दिवशी येळवस होती. मी पंचांग काढून तुझ्यापुढं धरलं होतं. तू म्हणालास, "दाजी, रॉक ऐकणारे आंबील पीत नाहीत."

बसवेश, येळवशीला धाराशिवात काय असतं, ते शिलाँगच्या हवेत विसरला असशील, म्हणून सांगतो. काहीच नसतं. दुकानं बंद, रस्ते ओस, संचारबंदी लागल्यासारखं गाव. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात आणि ज्याला नाही तो दुसऱ्याच्या शेतात. भज्जी, आंबील, खीर, उंडे खाऊन माणसं झाडाखाली आडवी झालेली असतात. सभागृहात मात्र पाचशे खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्यांवर बेंगळुरूच्या कंपनीचे दोन पाहुणे नि खुर्च्यांचा ठेकेदार. एखादी गोष्ट दिसत नाही यावरून ती नाही असं ठरवणं, याला मीमांसक अनुपलब्धी म्हणतात. पूर्वी वर्गात मी घड्याचं उदाहरण द्यायचो. हल्ली तोंडात खुर्च्या येतात.

तू सातही गाणी म्हटलीस, एक कडवं गाळलं नाहीस. शेवटी खुर्च्यांना नमस्कार केलास. गिटार पेटीत ठेवताना म्हणालास, "या गावाला मी नको आहे." दुसऱ्या दिवशी पुण्याची एसटी धरलीस, आणि पुण्याहून जो गेलास तो आता डोंगरात बसून दुसऱ्यांची गाणी ध्वनिमुद्रित करतोयस.

मला तेव्हाच म्हणायचं होतं ते आज लिहितो. गाव तुझ्यावर रुसलं नव्हतं रे. जेवायला गेलं होतं.

यंदा येळवस एकोणीस डिसेंबरला, शुक्रवारी आहे. कुमारच्या शेतात वाजवायचं ठरलंय. गिटार घेऊन ये. आशीर्वाद आहेतच.

तुझा (पाय गरम, डोकं थंड),
दाजी

*

धाराशिव
१६ नोव्हेंबर २०२५

चि. बसवेश,

उत्तर नाही. ठीक आहे. डोंगरातलं टपाल बैलगाडीनं जात असेल.

सराव सुरू झालाय. दर रविवारी धाराशिवहून मी, येरमाळ्याहून कुमार, असे दोघं वाशी गाठतो. गोदाम तेच, तूर नवी, उंदीर त्या वेळच्यांचे पणतू असावेत. तासाभरात माझी पाठ बोलायला लागते. कुमारची बोटं टायर काढून काढून अशी झालीत की बेसच्या तारा त्याला घाबरतात.

पहिल्या रविवारची गोष्ट. मी काठ्या उचलल्या आणि 'यमाताराजभानसलगा' म्हणालो. 'गा'वर थांबलो. कुमारही थांबला. पुढं काहीच आलं नाही. तुझ्या गिटारीनं जिथं यायचं ती जागा तशीच उघडी, आणि आम्ही दोघं प्रौढ, मुलाबाळांचे बाप, तिथं बघत उभे. असं चारदा झालं. शेवटी कुमार म्हणाला, "सर, त्यो येस्तोवर आपलं आपण सुरू करायला शिकावं लागंल." मग चहा प्यायलो. त्या रविवारी तेवढंच झालं.

आता श्रीदेवी पेटी घेऊन येते. सोमवारी मठात बायकांच्या वचनांना साथ करते तीच पेटी. बसायला एक पोतं पसंत केलंय तिनं. तुझी सगळी गाणी तिला पाठ आहेत, हे मला माहीत नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "शेजारच्या खोलीत त्याची गाणी आठ वर्षं भिंत ऐकत होती, तिलाही पाठ आहेत." तू आलास की पेटी बंद करणार म्हणते. तुझ्यासाठी माडीवरची खोली झाडून घेतलीय. गादी उन्हात टाकलीय.

अप्पांबद्दल लिहू की नको, असा विचार करत होतो. लिहितो. गोदामाची किल्ली आजही त्यांच्याचकडं असते. उघडून देतात आणि जायचं सोडून दारात बसून राहतात. वय ऐंशी, पण तुरीचा दाणा हातात घेतला की अजून भाव सांगतात. आज मला म्हणाले, "जावईबापू, तो येणार आहे का?"

"पत्र टाकलंय."

"त्या दिवशी मी त्याचं पान वाढून ठेवलं होतं. शेतात. दिवस बुडंस्तोवर. सालगडी म्हणाला, मालक, आता आवरा. मी म्हणलं, थांब, पोरगं आहे, गाणं-बिणं झालं की येईल उपाशी."

मी म्हणालो, "अप्पा, तो सभागृहात तुमची वाट पाहत होता. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरली होती."

"मला कुणी सांगितलं?"

"आणि पानाचं त्याला कुणी सांगितलं?"

अप्पांचं मराठी संपलं की ते कानडीत जातात. "हौदु," म्हणाले, म्हणजे खरंय. मग तुरीच्या पोत्याची शिवण चाचपू लागले.

म्हणजे बाप शेतात पान वाढून बसला होता आणि मुलगा सभागृहात खुर्ची राखून. एवढ्या साध्या गोष्टीला बारा वर्षं लागावीत, असं आपलं घराणं. माझ्याकडच्या सगळ्या शास्त्रांत याला नाव नाही.

ये रे.

दाजी

*

धाराशिव
५ डिसेंबर २०२५

चि. बसवेश,

काल श्रीदेवीच्या फोनवर तुझा निरोप आला: "दाजींना विचार, येळवशीला ऐकायला कोण येणार?"

तिनं तो मला वाचून दाखवला, कुमारला वाचून दाखवला, शेजारच्या बाईंनाही वाचून दाखवला. इतक्या छोट्या वाक्यावर एवढं भाष्य मी कुठल्या ग्रंथावर पाहिलेलं नाही. तिचा निष्कर्ष असा, की ज्याला यायचं नसतं तो विचारत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. कुमारच्या शेजारी गोरोबाचं शेत, त्याचं सगळं खटलं येणार. टायरच्या दुकानावरची मंडळी येणार. आमच्या कॉलेजातले दोघं-तिघं येतील, त्यांना मी ड्रम वाजवतो यावर विश्वास नाही. आजूबाजूच्या शिवारांतून ज्यांना आवाज जाईल ते येतील. यंदा खुर्च्या ठेवणारच नाही, म्हणजे रिकाम्या राहायचा प्रश्न नाही.

आणि अप्पा येणार आहेत. जन्मात कधी येळवशीला ते आपलं शेत सोडून गेलेले नाहीत. लग्न झालं त्या वर्षीही नाही. काल म्हणाले, "सकाळी लवकर पूजा उरकतो आणि येरमाळ्याला येतो. पान कुमारकडंच घेईन."

तू बारा वर्षांपूर्वी मागितलं होतं ते हेच. उशिरा मिळतंय, पण मिळतंय.

जनरेटर कुमारनं बघितलाय. तुझा ॲम्प्लिफायर दुरुस्त करून आणलाय. कुठली गाडी ते कळव, स्टेशनवर मी उभा असेन.

दाजी

*

धाराशिव
२१ डिसेंबर २०२५

चि. बसवेश,

तू आला नाहीस, हे तुला माहीतच आहे. बाकीचं सांगतो.

ज्वारी हुरड्याला आलेली, हरभरा घाट्यांनी भरलेला, थंडी अशी की कोवळं ऊन सोडवत नव्हतं. कुमारनं पूजेसाठी कडब्याची कोप, लहानशी खोपच, छान केली होती. आतल्या पाच पांडवांच्या दगडांना चुना लावला, पूजा झाली, आंबिलीचं मडकं फिरलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ताडपत्री घालून आपला मंच. मी ड्रम मांडले. श्रीदेवीनं माईकचा दांडा स्वतः उभा केला, तुझ्या उंचीला. कुमार म्हणाला, "ताई, जरा खाली घ्या की. तुमाला पेटीपाशी बसून बी म्हणता यावं."

"राहू दे," म्हणाली.

अप्पा बाराच्या सुमाराला आले. पांढरं धोतर, नवीन टोपी, कपाळाला भस्म. गाडीतून उतरायच्या आधी विचारलं, "आला का?"

"रस्त्यात असेल," श्रीदेवी म्हणाली. निरोपाचा फोन तिनं हातातच धरून ठेवला होता. आम्ही जेवलो. अप्पांनी कुमारकडं पान घेतलं, भज्जी दोनदा मागितली. मग थांबलो. मग आणखी थोडं थांबलो. रस्त्यावर धूळ उठली की सगळे उभे राहायचे. एकदा एसटी आली, तीतून कंडक्टर उतरला, बाटलीभर आंबील घेऊन परत गेला. शेवटी कुमार म्हणाला, "सर, दिवस कलाया लागला."

पहिली दोन गाणी आम्ही पेटीवरच वाजवली, शब्दांविना. लोक सभ्य होते, ऐकून घेतलं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, भजन कधी सुरू होणार. मग कुमारनं बेस खाली ठेवला आणि धुळाप्पांचा ढोल गळ्यात घातला. येळवशीचं गाणं. मी 'यमाताराजभानसलगा' म्हणालो.

'गा'वर कुणी नव्हतं. पण ढोल थांबला नाही, आणि श्रीदेवी पेटी सोडून उठली. माईक उंच, म्हणून टाचा वर करून, पाणी पिताना पाखरू मान वर करतं तशी उभी राहिली आणि तुझं कडवं म्हणाली. तुझ्यापेक्षा सावकाश. जिथं तू ओरडायचास तिथं ती आवाज खाली आणायची. वीस वर्षं मी हिच्या शेजारी राहिलो, आणि मला वाटत होतं की मला हिचा आवाज माहीत आहे.

'ओलगे ओलगे' आलं आणि शिवारातून उत्तर आलं. आधी गोरोबाच्या शेतातून, मग ओढ्यापलीकडून. माणसं बांधावरून चालत यायला लागली, कुणाच्या हातात उंडा, कुणाच्या कडेवर पोर. किती होती ते मोजलं नाही. ट्रॉलीवरून पाहिलं तर ज्वारीच्या धाटांमधून नुसती डोकी दिसत होती. गोरोबाची आई, गिरिजाबाई, अगदी पुढं येऊन बसली. गाणं संपल्यावर मोठ्यानं म्हणाली, "लई झ्याक म्हणती की गं बया! कुणाचं गाणं हाय?"

मी श्रीदेवीकडं पाहिलं. ती तुझं नाव सांगेल, असं मला वाटलं.

"आमचंच आहे, आजी," ती म्हणाली.

मग तिनं वळून दांड्याची कळ सैल केली, माईक आपल्या तोंडापर्यंत खाली आणला, आणि कळ पुन्हा आवळली. राहिलेली चारही गाणी तशीच म्हणाली, टाचा जमिनीवर ठेवून.

अप्पा मांडीवर ताल देत होते, तोही चुकीचा. डोळे पुसायला रुमाल काढला आणि नाक पुसलं. शेवटी ट्रॉलीपाशी येऊन म्हणाले, "पुढच्या येळवशीला आपल्या शेतात ठेवा. वाशीला. मी मांडव घालतो." कुमारला लातूरहून कुणाचा तरी फोन आलाय, शिवजयंतीला त्या गाणाऱ्या बाईंचा कार्यक्रम ठेवायचा म्हणून. कुमार म्हणाला, बाईंचा न्हाय, चुनखडीचा. पण तारीख घेतलीय. तेव्हा बँड चालू आहे, बसवेश. बरा चाललाय. तू हे ऐकून खूश होशील, याची मला खात्री आहे, आणि मीही खूश आहे.

माझ्या मनात जे आहे ते आता विनोदाशिवाय लिहितो.

परतताना गाडीत श्रीदेवी सारखी बोलत होती. दुसऱ्या गाण्यात मी लय ओढली म्हणाली, ते खरं आहे. लातूरला काय म्हणायचं ते ठरवत होती. एक नवीन गाणं सुचतंय म्हणाली. तुझं नाव तिनं एकदाही काढलं नाही. रागानं गप्प असती तर मला कळलं असतं. राग मुळीच नव्हता. तू का आला नाहीस, काही झालं का, गाडी चुकली का, हे काही तिला विचारायचंच नव्हतं. अप्पांनीही निघताना विचारलं नाही. काल सकाळी तिनं माडीवरच्या खोलीत पेटी नेऊन ठेवली, सरावाला बरी म्हणून.

मी तिला थांबवलं नाही. कोणत्या तोंडानं थांबवणार? पण भीती वाटतेय. इतकी वर्षं आम्ही घरचे तिघं तुझी वाट पाहत होतो, म्हणून तू कधीही आलास तरी ते घरी येणंच ठरलं असतं. आता मी एकटा पाहतोय. पन्नाशी उलटलीय माझी. एकट्यानं हे किती दिवस निभेल, मला माहीत नाही.

शंभुलिंग